ज्याचे दूध त्याच्याच मुखी

ठाणे स्टेशनात गाडीतून उतरून पूर्वेच्या बाजूला बाहेर पडले की कोपरी लागते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली, तेव्हा या बाजूला खाडी होती, मिठागरे होती, कोळी-आगऱ्यांची वस्ती होती. मीठबंदराचे नाव इथल्या रस्त्याला अजून आहे. पुढे फाळणी झाली आणि सिंध सोडून आलेली कुटुंबे येथे वसली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, रुळांच्या पलीकडे वागळे इस्टेटीत कारखाने उभे राहिले, आणि पाहता पाहता कोपरीतल्या खाचरांच्या जागी चाळी व इमारती आल्या.

हे सगळे सांगायचे कारण काय? कारण असे की, आगगाडी आणि कारखाना जेथे आला, तेथे घरातली बाई कामासाठी घराबाहेर पडली. आणि ती बाहेर पडली, की मागे एक प्रश्न उरला. तान्ह्या मुलाला दूध कोणी पाजायचे?

आता कोपरीतल्या एखाद्या पाळणाघराची सकाळ डोळ्यांपुढे आणा. पाळणाघर म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. दोन खोल्यांचे घर, एक मावशी, तिच्या मदतीला एखादी मुलगी. सव्वाआठची गाडी गाठायची म्हणून आया घाईघाईने येतात, मूल कडेवरून उतरवतात, पिशवी हातात देतात, "अकराला द्या हं" एवढे बोलून स्टेशनाकडे धावतात. अर्ध्या तासात ओट्यावर आठ बाटल्या उभ्या. आठही सारख्या, आठांतले दूध पांढरेच. पण एका बाटलीत आईने पहाटे उठून काढून ठेवलेले स्वतःचे दूध आहे. दुसरीत गाईचे आहे. तिसरीत डब्यातल्या पावडरीचे आहे. चौथ्या मुलाला गाईचे दूध मुळीच सोसत नाही. घोटभर गेले तरी त्याच्या अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. अकरा वाजतात. दोन मुले एकदम रडू लागतात, तिसऱ्याने कपडे ओले केलेले असतात, दारावरची घंटा वाजते. मावशी हात लांब करून एक बाटली उचलते.

सांगा पाहू, ती बाटली कोणाची?

मावशी म्हणेल, "अहो, मला ठाऊक असतं. रोजचीच मुलं आहेत." आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तिचे म्हणणे खरेही असते. आजचे हे भाषण उरलेल्या एका वेळेबद्दल आहे. आणि ती एक वेळ आपल्या समाजात आली कोठून, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. मूल आईच्या पदराखाली असे. आई आजारी पडली, तर जाऊ नाहीतर शेजारीण पाजायला घेई, आणि कोणाचे मूल कोणी पाजले हे साऱ्या आळीला ठाऊक असे. दुसरीचे दूध पिण्यात कमीपणाही नव्हता. संभाजीराजांचा जन्म 1657 साली पुरंदरावर झाला. त्यांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ आज साडेतीनशे वर्षांनंतरही आपण आदराने आठवतो. तेव्हा दुसऱ्या आईचे दूध हे काही पाप नव्हे, हे प्रथमच सांगून ठेवतो. धाराऊ कोण, कोठली, तिची प्रकृती कशी, हे गडावर सर्वांना माहीत होते. नकळत होते ती चूक. जाणून केले ते दान. या दोहोंतला फरक ध्यानात ठेवावा.

आणि हिरकणीची गोष्ट तर आपल्या मुलांना पहिलीदुसरीतच कळते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हे बाळ. ती कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसाचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण कथेचा दुसरा अर्थ असा, की कामावर गेलेल्या आईच्या आणि तिच्या बाळाच्या मध्ये एक बंद दरवाजा असतो. प्रत्येक आईला कडा उतरता येत नाही.

मुंबईत असे दरवाजे पुष्कळ झाले. कावसजी दावर यांनी 1854 साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 च्या सुमारास तिचे चक्र फिरू लागले. पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागच्या बाजूला गिरण्यांची धुराडी दाटली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. पुरुष मागावर गेले, बायका रिळाच्या आणि निवडणीच्या खात्यांत गेल्या. भोंगा वाजला की आत, पुन्हा वाजला की बाहेर. बाळ चाळीतल्या खोलीत, एखाद्या म्हातारीपाशी, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

भुकेले मूल दिवसभर गप्प कसे राहील? त्यासाठी बाळगोळी होती. नाव किती लाघवी! गोळीत अफू असे. आई सकाळी गोळी चाटवी, मूल गुंगीत पडून राही, संध्याकाळी आई येऊन पदराखाली घेई. 1922 च्या सुमारास मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसाने डॉक्टर बार्न्स या बाईंना गिरणी-कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यास नेमले होते. त्यांनी चाळी पालथ्या घातल्या, आणि अफूची ही चाल किती सर्रास आहे ते सरकारपुढे मांडले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण दुधाच्या जागी अफू आली ती माया आटली म्हणून नव्हे. आईला बाळापाशी जायला दहा मिनिटेही मिळत नव्हती म्हणून. मुलाच्या तोंडी भलतेच काही जाण्याची ही आपल्याकडची पहिली मोठी गोष्ट. ती चुकून घडत नव्हती, नाइलाजाने घडत होती.

यातून कायदे आले. 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचे व मदतीचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पाठपुरावा केला. आईला या काळात विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1929 साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिला. त्याच सुमारास व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीची चौकशी करणारे रॉयल कमिशन देशभर फिरले. त्याच्या सभासदांत आपले ना. म. जोशी होते. 1931 च्या अहवालात कमिशनने अफूच्या चालीची दखल घेतली आणि पुष्कळ बायका कामाला असतील तेथे मुलांसाठी जागा असावी अशी शिफारस केली. 1934 च्या फॅक्टरी कायद्याने तसे नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला, आणि स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने ही गोष्ट सक्तीची केली. पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे कामाला असतील, तेथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली हवी, आणि ती बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या बाईंच्या ताब्यात हवी. 1976 साली पन्नासांचा आकडा तिसांवर आणला गेला.

कल्पना तशी जगाला नवी नव्हती. पॅरिस शहरात फिरमँ मार्बो या गृहस्थांनी 1844 साली मजूर बायकांच्या मुलांसाठी असे पहिले घर उघडले होते. त्याला त्यांनी जे फ्रेंच नाव दिले त्याचा अर्थ 'गव्हाण'. येशू ख्रिस्ताला जन्मतः गव्हाणीत निजवले होते, त्या कथेवरून ते घेतलेले. तेच नाव इंग्रजांमार्फत 'क्रेश' म्हणून आपल्या कायद्याच्या पुस्तकात आले. आपण त्याला पाळणाघर म्हटले. आपला शब्द अधिक गोड आहे, नाही का?

आता या कायद्याखालचे नियम बारकाईने पाहा. पाळणाघरात राहणाऱ्या प्रत्येक मुलासाठी रोज निदान अर्धा पिंट, म्हणजे पाव लिटरहून थोडे अधिक, शुद्ध दूध असावे. आईला कामाच्या वेळात मुलाला पाजण्यासाठी मधून मधून सुट्टी द्यावी. दोन वर्षांवरच्या मुलांना खाऊ असावा. 1961 च्या मातृत्व कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा मोकळीक दिली. हिरकणीसाठी गडाचा दिंडी दरवाजा कायद्याने किलकिला केला, असे म्हणायला हरकत नाही.

या नियमांत दुधाचे माप लिहिले होते, वेळ लिहिली होती, खोलीची हवा लिहिली होती. मग कोणत्या मुलाला कोणते दूध, याचा घोर कोणाला का पडला नव्हता? कारण तेव्हा तो प्रश्न उभाच राहत नव्हता. दूध एकाच पातेल्यात तापे आणि सगळ्यांना तेच मिळे. पातेल्यात दूध स्वच्छ आहे की नाही, पाणी किती, वाट्या धुतल्या की नाही, ही काळजी खरी होती. अंगावरचे दूध तर आई स्वतः येऊन पाजी. तिथे चूक व्हायला वावच नाही. आई आपले मूल ओळखते, मूल आपली आई ओळखते.

असेच चित्र आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांतही होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. 2014 पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे या बायांना एक अनुभव आला, तो शिक्षकांनी मनात कोरून ठेवावा असा आहे. वारल्यांची मोठी मुले शाळेत येत ना, कारण धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर असत. मग ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. पाळणाघर हे शाळेचे दार आहे, हे कोसबाडने दाखवून दिले. अंगणात भरणाऱ्या त्यांच्या बालवाडीचे 'अंगणवाडी' हे नाव पुढे साऱ्या देशाने उचलले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. इमारतींच्या बांधकामावर राबणाऱ्या मजूर बायकांच्या मुलांसाठी 1969 साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी फिरती पाळणाघरे काढली. 1972 पासून ती मुंबईतही आली.

येथवर पाळणाघरातले दूध एकाच जातीचे होते. मग ते वेगवेगळे केव्हा झाले? गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. एकीकडे पावडरीच्या दुधाचे डबे वाढले. त्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1992 साली करावा लागला, इतके ते वाढले. दुसरीकडे डॉक्टरांनी पुन्हा ठासून सांगितले, की पहिले सहा महिने बाळाला आईचेच दूध हवे, वरचे पाणीसुद्धा नको. पण आई तर लांब नोकरीला. कोपरीहून मुंबईला जाणारी बाई अकरा वाजता मुलाला पाजायला परत कशी येणार? 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा सांगितली; पण ज्या बाईचे पाळणाघर घराजवळ आणि कचेरी वीस मैलांवर, तिला त्याचा काय उपयोग? तेव्हा दूध काढून ठेवायचे आणि सोबत द्यायचे, हा मार्ग निघाला. मार्ग चांगला आहे. घरोघरी शीतकपाट आल्याने तो शक्यही झाला. पण त्याबरोबर ओट्यावर आठ बाटल्या आठ तऱ्हांच्या झाल्या, आणि पाजणारा हात मात्र आईचा राहिला नाही. अदलाबदलीचा प्रश्न जन्मला तो येथे.

तुम्ही म्हणाल, चुकून दुसऱ्याचे दूध दिले तर असे काय आकाश कोसळते? रास्त शंका आहे. बहुतेक वेळा काहीही होत नाही. पण ज्या मुलाला गाईचे दूध सोसत नाही, त्याच्या जिवावर बेतू शकते. अंगावरच्या दुधातून काही रोगांचे जंतूही जाऊ शकतात, एच.आय.व्ही. हा त्यांतला एक. एकदा चुकून पाजल्याने तो होण्याचा संभव फार थोडा आहे, हेही तितकेच खरे. म्हणून घाबरून जायचे कारण नाही, पण "चालायचंच" म्हणून सोडून द्यायचेही नाही.

आणि कधी कधी मात्र खरोखरच आकाश कोसळते. मार्च 1962 मध्ये अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यात बिंगहॅम्टन शहरातल्या एका रुग्णालयात नवजात मुलांचे दूध तयार करण्याच्या खोलीत एक चूक झाली. साखरेच्या भांड्यात मीठ भरले गेले. दोन्ही पांढरी, दोन्ही बारीक. शिकलेल्या परिचारिका, मोठे रुग्णालय, सगळी साधने. पण भांडे पाहून हात साखर समजून मीठ घालीत राहिला. मुले आजारी का पडतात ते कळेपर्यंत दिवस गेले. सहा बालके दगावली. मीठबंदराच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या कोपरीकरांना मीठ ओळखता येत नाही असे कोण म्हणेल? पण भांड्यावर विसंबलेला हात चाखून पाहत नाही.

ते लांबचे झाले म्हणाल, तर आपल्याच देशातले ऐका. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणातून मुलांना विषबाधा झाली. तेलातून मोनोक्रोटोफॉस नावाचे पिकावर फवारायचे औषध अन्नात उतरले होते. तेवीस मुले गेली. शेतकरी बंधूंनो, फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन घरात तेलाला, पाण्याला वापरणारी घरे आपल्याही गावात आहेत. त्या डब्याला आता भोक पाडा आणि टाकून द्या. एवढे एक काम हे भाषण वाचून झाले, तरी मी भरून पावलो.

या दोन्ही घटनांत पाजणाऱ्या-भरवणाऱ्या हातांना मुलांविषयी वैर नव्हते. हात नेहमीचेच होते, भांडी नेहमीचीच होती. 'आपल्याला ठाऊक आहे' या भरवशावर काम चालले होते. माणसाची आठवण ही गोठ्यातल्या गाईसारखी आहे. रोजच्या दावणीला बरोबर येते, पण एखाद्या दिवशी कोणी दावण हलवली, तर तीही चुकते. नवे मूल येते, मदतनीस बदलते, बाटली नवी घेतली जाते. तो दिवस चुकीचा.

मग उपाय काय? परदेशातून यंत्रे आणायची? मुळीच नको. ज्याचे अन्न त्याच्याच मुखी पोचवण्याची विद्या आपल्या मुंबईत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचे काम सुरू केले. मावळातून आलेली ही मंडळी. पुष्कळांना तेव्हा लिहिता-वाचता येत नसे. एक डबा घरापासून कचेरीपर्यंत जाताना चार-पाच हातांतून जातो. तरी तो भलत्याच्या टेबलावर जात नाही. का? डबेवाल्याची स्मरणशक्ती दांडगी म्हणून? नव्हे. डब्याच्या झाकणावर रंगाची आणि अक्षरांची खूण असते म्हणून. कोणत्या स्टेशनावर उतरायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळे त्या खुणेत. आठवण माणसाच्या डोक्यात न ठेवता डब्यावर ठेवली, हे त्यांचे शहाणपण. आपला परीटदेखील दुसरे काय करतो? शंभर घरांची धोतरे एका भट्टीत घालतो, आणि ज्याची त्याला परत देतो. काठाच्या कोपऱ्यातल्या खुणेवर.

कचेरीतल्या माणसाच्या पोळीभाजीसाठी आपण एवढी काळजी घेतो. मग तान्ह्याच्या दुधासाठी का नको?

ही काळजी दुधाच्या बाबतीत कशी घेतात, ते पाहायचे असेल तर कोपरीहून लोकलने तासाभरातच पोचता येईल अशा शीव येथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे उदाहरण घ्या. तेथे 27 नोव्हेंबर 1989 रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशिया खंडातली ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी इतर आया दूध देतात. धाराऊचेच काम, पण नव्या पद्धतीने. आधी देणाऱ्या आईची रक्ततपासणी. मग दूध साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करणे, मग तपासणे, गोठवणे. आणि भांड्यावर चिठ्ठी. चिठ्ठी नसलेले भांडे तिथे कोणी बाळापुढे नेणार नाही. तेथे शिकलेसवरलेले डॉक्टर असूनही आठवणीवर कोणी विसंबत नाही, हे विशेष.

आता कोपरीतल्या मावशीने, गावच्या अंगणवाडीताईने, ऊसतोडीच्या फडावर चार घरांची मुले सांभाळणाऱ्या आजीने काय करावे? सांगतो. फार थोडे आहे.

पहिली गोष्ट, खूण आईने घरूनच करून आणावी. बाटलीवर, झाकणावर आणि पिशवीवर, तिन्ही ठिकाणी. मुलाचे पूर्ण नाव, आडनावासकट. कारण एका पाळणाघरात दोन 'आर्या' सहज निघतात. काय दूध आहे, आणि केव्हा काढले किंवा केव्हा केले, तेही. काढलेले दूध बाहेर राहिले तर चार तासांच्या आत संपवावे, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. वाचता येत नसेल तेथे रंगीत दोरा बांधावा, नाहीतर चित्र काढावे. एका मुलाचा पोपट, एकाचा आंबा, एकाची होडी. तोच पोपट त्याच्या पाळण्यावर, तोच त्याच्या वाटीवर. बालवाडीच्या शिक्षिकांनो, हे काम तुमच्या मोठ्या मुलांकडून हौसेने करून घेता येईल.

दुसरी गोष्ट, एका वेळी एक मूल, एक भांडे. दोन बाटल्या एकदम हातात घेऊ नयेत. उचलताना नाव मोठ्याने वाचावे, आणि मुलापाशी गेल्यावर पुन्हा वाचावे. मदतीला कोणी असेल तर तिने "हो, त्याचंच" असे म्हणावे. दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे. जमेल तेथे बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले वापरावे. ते धुवायला सोपे, आणि पाजणाऱ्याला मुलासमोर बसावेच लागते.

तिसरी, भिंतीवर एक कागद. कोणाला काय सोसत नाही, ते ठळक अक्षरांत. आणि एक वही. किती वाजता, कोणाला, काय, किती पाजले, कोणी पाजले. संध्याकाळी आई आली की वही तिच्यापुढे धरावी.

चौथी, मीठ, साखर, पावडर यांच्या डब्यांवर नावे. आणि फिनेल, रॉकेल, औषधे मुलांच्या अन्नाच्या खोलीतच नकोत.

आणि पाचवी सर्वांत अवघड. इतके करूनही चूक झालीच, तर ती लपवू नये. पाजणे थांबवावे, बाटली धुऊन न टाकता तशीच बाजूला ठेवावी, दोन्ही मुलांच्या आयांना लगेच कळवावे, आणि डॉक्टरांना विचारावे. मूल निळे पडले, श्वासाला जड झाले, अंगावर गांधी उठल्या, तर कळवण्याआधी दवाखाना गाठावा.

सर्वांत अवघड का म्हटले, ते सांगतो. मावशी चूक लपवते ती लबाडीने नव्हे. तिला भीती असते, की उद्यापासून मूल येणार नाही, चार घरांत बभ्रा होईल, हातातोंडाशी आलेली मिळकत जाईल. आठ मुले, एकटी बाई, आणि महिन्याचे हातावर मोजलेले पैसे. गिरणीतली आई जशी नाइलाजाने बाळगोळी देत होती, तशी ही नाइलाजाने गप्प बसते. म्हणून आयांना माझे सांगणे आहे, की जी मावशी स्वतः येऊन "आज माझी चूक झाली" म्हणेल, तिच्यावर ओरडू नका. तिच्याइतकी भरवशाची बाई तुम्हाला दुसरी मिळणार नाही. आणि नावाची चिठ्ठी लावायला सांगणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. डबेवाल्याच्या डब्यावर खूण असते, म्हणून त्याचा कोणी अपमान होतो का? उलट त्या खुणेने त्याच्या डोक्यावरचा भार हलका होतो. आठ जिवांची आठवण एकट्या बाईच्या डोक्यावर ठेवायची आणि चुकली की तिलाच बोल लावायचा, यात कसला न्याय?

इतिहास राजांचा आणि लढायांचा असतो, तसा तो वाटीचाही असतो. आधी बाळापाशी आई होती. मग आई गिरणीत गेली आणि अफू आली. अफू घालवायला कायदा आला, पाळणाघर आले, दुधाचे माप आले. एवढी वाट चालायला आपल्याला शंभर वर्षे लागली. त्या वाटेवरचे शेवटचे पाऊल फार लहान आहे. त्याला ना पैसा लागतो, ना कायदा. एक पेन्सिल, एक कागदाची पट्टी, नाहीतर रंगीत दोऱ्याचा तुकडा.

संध्याकाळी ठाण्याला लोकल येते, पूर्वेच्या बाजूने गर्दी कोपरीत उतरते. त्या गर्दीत पाळणाघराकडे झपझप जाणारी आई असते. दारातच तिचा पहिला प्रश्न असतो, "दूध प्यायलं का?" मावशीने वही उघडून दाखवावी: अकरा वाजता, पोपटाची बाटली, सगळी संपवली. त्या एका ओळीने आईचा दिवसभराचा शीण उतरतो.